शनिवारचं पोतं

उतारावरची बेचाळीस घरं दर शनिवारी माझी.
पाठीवर टोपली, तिचा पट्टा कपाळावर,
आणि एक वही, जिच्यात मी फक्त
किती तांदूळ ते लिहिते. कुणाचे, ते नाही.

आमच्या मिझो डोंगरांत रीत जुनी आहे:
आधणात तांदूळ वैरायच्या आधी
एक मूठ बाजूला. ती चर्चची.
सकाळी एक, संध्याकाळी एक.
घरात पाहुणा असो, ताप असो, भांडण असो,
मूठ बाजूला.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणाऱ्यांनी
एकदा माझ्याबरोबर हा चढ चढावा.
मी उघडलेल्या मुठी गोळा करते.
झोनुनसांगीचा डबा अर्ध्यावर आला
तेव्हाच मला कळलं, नवऱ्याचं काम सुटलंय.
विचारलं नाही.
"वेल बरा लागलाय यंदा," एवढंच म्हटलं,
तर तिने चार इस्कूट तोडून टोपलीत टाकले,
डबा झाकावा तसे, तांदळावर.

म्हाताऱ्या ह्रांगछुआनाचे हात कापतात.
ओतताना निम्मं टोपलीत, निम्मं अंगणात.
त्याच्या कोंबड्यांना वार कळतो.
"असू दे," तो हसतो,
"त्यांनाही त्यानेच जन्माला घातलंय ना?"

आता माझं.
लुंगलेईच्या रस्त्यावर दरड आली त्या जूनमध्ये
बिआकथांगाचा ट्रक खाली गेला.
ट्रक दुसऱ्या दिवशी सापडला, तो तिसऱ्या.
"तिसऱ्या दिवशी," पाद्री म्हणाले, आणि थांबले.
त्यांनाच पुढचं वाक्य सापडेना.

ते वर्षभर मी देवाशी बोलले नाही.
गाण्याला उभी राहायचे, ओठ मिटून.
चर्चमधला ढोल मला
दगड गडगडत आल्यासारखा ऐकू यायचा.
घरी मात्र आधण ठेवलं की
हात आपसूक तांदळात जायचा.
कधी रागाने आपटायचे मी ती मूठ,
दाणे उडायचे पार चुलीमागे.
एकदा तर तांदूळच नव्हते घरात.
तरी मूठ नेली डब्यावर आणि उघडली.
पडलं काहीच नाही.
पण उघडली.

खूप पुढे ध्यानात आलं:
विश्वास तेव्हा माझ्या मनात नव्हताच,
तो हातात राहायला गेला होता,
छप्पर उतरवलेल्या घरातला माणूस
शेजाऱ्याच्या पडवीत पथारी टाकतो तसा.

परत कधी आला, तारीख नाही सांगता येत.
साक्ष द्यायला उभी केली मला एकदा
तर काय सांगावं, सुचेना.
कारण झालं होतं ते इतकंच:
एका सकाळी भाजीत मीठ जास्त पडलं
आणि मी बोलून गेले,
"प्रभू, बघ, काय करून बसले मी."
वर्षानंतरचं पहिलं वाक्य.
तेही मिठाबद्दल.
चमचा तसाच हातात धरून
मी खाली बसले. भाजी करपली.

हल्ली नात सोबत येते, माविझुआली, पाच वर्षांची.
घरची मूठ आता तिच्याकडे.
फार घट्ट आवळते ती,
मग बोटांच्या फटींतून दाणे निसटतात.
सैल धर गं, मी सांगते,
सैल धरलं की जास्त राहतं.
तिला पटत नाही.
मलाही कुठे पटलं होतं पन्नास वर्षं.

ऊठ, बाई. धुकं दरीतून वर निघालंय,
पट्टा जरा नीट कर माझा.
अजून सतरा घरं आहेत.